कुत्र्याचं पोट दर पंधरा दिवसांनी बिघडतंय? आधी खाऊ देणारे हात मोजा

पहाटे चार वाजता फरशीवर नखांची टकटक सुरू होते. उठून पट्टा हातात घेईपर्यंत उशीर झालेला असतो. मग गॅलरीत फिनेलची बादली, सकाळी डॉक्टर, इंजेक्शन, तीन दिवस गुरगुट्या भात. कुत्रं ठणठणीत होतं. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पहाटे चारला टकटक.

मी लालबागला चाळीत राहते. बंड्या माझा, १७ किलोचा देशी. त्याशिवाय मे महिन्यात आणि गणपतीत लोक कोकणात गेले की त्यांची कुत्री माझ्याकडे असतात. लॅब्रॅडॉर, पॉमेरियन, एकदा तर हातभर केसांचा शिह त्झू. मी डॉक्टर नाही. पण ही एकच तक्रार इतक्या वेळा निस्तरली आहे की आता समोरच्याची पहिली दोन वाक्यं ऐकली की तिसरं मीच बोलते. बहुतेक वेळा पोट चांगलंच असतं, त्या पोटापर्यंत पोचणारे हात जास्त असतात.

हाच बिघाड आहे ना?

शी पातळ, पण नळासारखी नाही, आणि वर शेंबडासारखा चिकट थर. पोटातली गुडगुड खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येते. फिरायला नेलं की गवत हुंगत बसायचं. सकाळी उपाशीपोटी पिवळ्या फेसाची एखादी उलटी. कधी नुसताच वास, ज्यावरून घरातले एकमेकांकडे बघतात.

स्वतःच्या वाडग्याला तोंड लावत नाही, पण वेफर्सची पिशवी फोडल्याचा आवाज झाला की आतल्या खोलीतून हजर! ही माझ्या मते सगळ्यांत बोलकी खूण. जोडीला वजन गुपचूप वाढलेलं असतं. वरून बघितलं तर कंबर दिसत नाही, बरगड्या बोटांना लागत नाहीत. आणि दोन-तीन दिवसांत सगळं आपोआप बरं होतं आणि परत येतं. हे जाणं-येणं असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

हे दिसलं तर वाचत बसू नका, डॉक्टर गाठा

शीत किंवा उलटीत रक्त, किंवा शी डांबरासारखी काळी. एका तासात तीन-चार उलट्या, प्यायलेलं पाणीही टिकत नाही. पोट ढोलकीसारखं फुगलंय आणि उलटीसाठी ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काहीच येत नाही. यात जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि मग वेळ तासांत मोजायची असते. झोकांड्या, थरथर, झटके. पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर काढून उभा राहणं: आळस देतोय असं वाटतं, पण तो सारखं तसंच करत असेल तर पोटात कळ आहे. लघवी चहाच्या रंगाची, किंवा बंदच.

चार-पाच महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल आणि उलट्या-जुलाब दोन्ही असतील, तर ‘काहीतरी खाल्लं असेल’ हा विचारच मनात आणू नका. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची, सुरुवात अशीच होते आणि पिल्लू एका दिवसात हातचं जातं.

एक व्यवहाराची गोष्ट. रात्री काळी-पिवळी थांबते, कुत्रं दिसलं की काच वर जाते. पट्ट्याबरोबर एक जुनी चादर खुंटीला टांगून ठेवा. सीटवर अंथरते म्हटलं की निम्मे लोक तयार होतात.

पहिली तपासणी: ओठ वर करा

फुकटची आणि दहा सेकंदांची. वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी आणि ओलसर असेल तर ठीक. बोटाने दाबून सोडा: पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. हिरडी चिकट, कोरडी लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. फिक्की, पांढरट किंवा पिवळी असेल तर वरच्या यादीत जा.

ही तपासणी पहिली का, तर बाकी सगळ्या तपासण्यांना वेळ लागतो आणि तेवढा वेळ हातात आहे की नाही हे हिरडी सांगते. कुत्रं ठीक असताना एकदा बघून ठेवा. काहींच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.

थर्मामीटर असेल तर ताप मागून घ्यायचा, टोकाला खोबरेल लावून. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं. आपल्या हाताला तो कायम गरमच लागणार. १०३ च्या वर गेला तर घरचे उपाय संपले.

दुसरी: वार बघा

कॅलेंडरवर त्रास झालेल्या सकाळींना पेनाने गोल करा. महिनाभर. आमच्याकडे मासळी-मटण बुधवारी, शुक्रवारी, रविवारी. बंड्याचे गोल पडले ते गुरुवारी, शनिवारी आणि सोमवारी. आणखी पुरावा कशाला हवा? मी दोन वर्षं तीन वेगवेगळी ड्राय फूड बदलून बघितली होती, हजारो रुपये गेले, आणि उत्तर भिंतीवर टांगलेलं होतं.

तुमच्याकडे वार वेगळे पडतील. शाळेच्या डब्यातलं उरलेलं परत येतं ते दिवस असतील, महिन्याच्या संकष्टीचा दुसरा दिवस असेल, किंवा नवरा घरून काम करतो ते दोन दिवस. गोल विखुरलेले पडले, काहीच जुळेना, तर कारण रोजचं आहे. ते पुढच्या दोन तपासण्यांत सापडतं.

तिसरी: मिशा, कचरा आणि जिन्याखालची जागा

संध्याकाळी कुत्रं घरी आलं की तोंड हातात धरून मिशीचे केस नीट बघा. हसू नका. बंड्याच्या मिशीत मला खारीचा एक पापुद्रा सापडला. नखाएवढा, सोनेरी, तुपकट, तीन केसांत अडकलेला. आमच्या घरात खारी येत नाही.

कचऱ्याचा डबा झाकणाचा आहे का, ते झाकण पंजाने उघडतं का, हेही त्याच फेरीत बघून घ्या. चाळीत आणखी एक जागा असते, जिन्याखालची, जिथे कुणीतरी ‘मुक्या जिवाला’ म्हणून उरलेलं ठेवतं. ते मांजरांसाठी ठेवलेलं असतं. मांजरांना मिळत नाही.

चौथी: विचारा, पण असं विचारा

इथे सगळे चुकतात. मीही चुकले.

आमच्या मजल्यावर सामाईक गॅलरी, अकरा दारं. चार ते सहामध्ये प्रत्येक दारात कप-बशी. मी शेजारच्या आजींना विचारलं, “आजी, बंड्याला काही दिलंत का?”

“छे गं, मी कशाला देऊ? विचारल्याशिवाय मी कुणाच्या पोराला कधी काही देत नाही.”

मी ते खरं मानलं. तीन महिने! मिशीतला तो पापुद्रा सापडला त्या दिवशी प्रश्न बदलला. “आजी, चहाबरोबर काय खाता तुम्ही?”

“खारी. दोन. म्हणजे दीडच म्हण, अर्धी हा बघत बसतो ना, घशाखाली उतरत नाही मग. चहात बुडवून एवढीशी देते. ते काय देणं झालं?”

आजी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी देणं म्हणजे ताटलीत वाढून पुढे ठेवणं. बुडवून तोंडात घातलेली खारी त्या हिशोबातच नव्हती. म्हणून ‘काय दिलंत’ विचारू नका. ‘तुम्ही काय खाल्लंत, तेव्हा हा कुठे होता’ असं विचारा. आणि रागाचा सूर लावू नका, कारण एकदा ओरडलात की लोक देणं थांबवत नाहीत, सांगणं थांबवतात.

त्या दिवशीची माझी यादी अशी निघाली: आजींची अर्धी खारी, कोपऱ्यातल्या काकांची दोन ग्लुकोज बिस्किटं, शाळेतून आलेल्या मुलीचा वेफर्सचा चुरा, माझ्या नवऱ्याने दिलेला चपातीचा तूप लावलेला तुकडा, खालच्या वॉचमनचा वडापावचा शेवटचा घास. पाच हात. प्रत्येकाचं म्हणणं, ‘एवढंसंच’.

आता हिशोब. १७ किलोच्या, नसबंदी झालेल्या, मध्यम फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ९३० कॅलरी लागतात. वरच्या खाऊसाठी यातला दहावा भाग, म्हणजे नव्वदच्या आसपास, हा डॉक्टर लोकांचा नेहमीचा ठोकताळा. ग्लुकोज बिस्किटं १०० ग्रॅमला साडेचारशेच्या घरात जातात, म्हणजे चार बिस्किटांत दिवसाचा सगळा कोटा संपला. एक वडापाव तीनशेच्या आसपास. पाच किलोच्या पॉमेरियनचा कोटा जेमतेम ३५ ते ४० कॅलरींचा, त्याचं तर दीड बिस्किटातच भरतं.

पाचवी: ताटात काय होतं

यादी हातात आली की तिचे दोन भाग करा. एक, जड पडणारं. दोन, विष. लोक दोन्हीला ‘बाहेरचं खाणं’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो.

जड म्हणजे तेल, तूप, मीठ, साखर, दूध. खारी म्हणजे मैदा आणि वनस्पती तूप, थरावर थर. फरसाण आणि वेफर्समध्ये तेल-मीठ दोन्ही. आमच्या दाराखाली चिवडा गल्ली आहे, दिवाळीच्या आधी तर हवेलाच चिवड्याचा वास असतो, तेव्हा हा मोह मला शिकवू नका. तेलकट एकदम जास्त गेलं की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते दुखणं लूज मोशनवर थांबत नाही, सलाइनवर जातं. दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, त्यातली साखर फोडणारा पाचकरस वयाबरोबर कमी होतो. दही त्यामानाने सोसतं. चहा नकोच. दूध-साखर आहेच, वर कॅफिन.

आता विष. यातलं पहिलं मराठी घरात रोज शिजतं: कांदा-लसूण. कांद्यातल्या गंधकाच्या घटकांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून, तळून, वाळवून, पूड करून त्यांचा जोर जात नाही, आणि लसूण कांद्यापेक्षा तिखट पडते. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला की धोका मानतात. बंड्यासाठी ते ८५ ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा. ‘एवढा कांदा कोण घालतं कुत्र्याला?’ तुम्हीच. रविवारी उरलेल्या मटणाच्या रश्श्यात भात कालवून दिलात ना, त्या रश्श्याला दाटपणा आला होता तो कांदा-खोबऱ्याच्या वाटणाने. कांदेपोह्यांतला कांदा वेचून टाकून पोहे दिले तरी त्याचा रस पोह्यांना लागलेला असतो. थोडं-थोडं रोज गेलं तरी नुकसान साठत जातं. फिक्क्या हिरड्या, धाप, गडद लघवी ही लक्षणं तीन-पाच दिवसांनी दिसतात, तोवर रविवारचा रस्सा कुणाच्या लक्षात नसतो.

वडापावबद्दल लोक हमखास विचारतात. वड्याच्या सारणात लसूण, वरच्या सुक्या चटणीत लसूणच लसूण, बाहेर तळलेलं बेसन. चटणी न लागलेल्या कोरड्या पावाचा एक लहान तुकडा चालेल, वडा नाही. भेळ तर कुत्र्यासाठी रचलेला सापळाच: कच्चा कांदा, मीठ, शेव आणि चिंचेची चटणी.

चिंच म्हटल्यावर लोक चमकतात. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याच्या किडन्या निकामी करतात हे बरीच वर्षं माहीत होतं, कारण कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणिविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. द्राक्षांचं सुरक्षित प्रमाण असं काही धरता येत नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला चार भारी पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकची द्राक्षं घरात येतात तेव्हा टोपली ओट्यावर, खाली नाही. आणि गणपतीत पंचखाद्य: खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. प्रसाद आहे, नाही कसं म्हणायचं, म्हणून पाचही ‘ख’ कुत्र्याच्या तोंडात जातात. शिऱ्यातल्या मनुकाही त्यातल्याच. द्राक्ष किंवा मनुका खाल्लेली नक्की दिसली, तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

चॉकलेटचं गणित रंगावर आहे: जितकं काळं, तितकं वाईट. त्यातल्या थिओब्रोमिनचा त्रास किलोमागे साधारण २० मिलिग्रॅमपासून सुरू होतो. दुधाळ चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ते दोनेक मिलिग्रॅम, काळ्यात पाचच्या पुढे, कोको पावडरीत कितीतरी जास्त. पाच किलोच्या कुत्र्याला दुधाळ चॉकलेट ५० ग्रॅम लागेल, काळं वीस ग्रॅमही पुरतं.

शुगरफ्री गोळ्या, च्युइंगम आणि काही पीनट बटरमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. आपल्याला निरुपद्रवी, कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते, यकृतही जाऊ शकतं. घरात मधुमेही माणूस असेल तर त्यांच्या उशाजवळचे डबे एकदा वाचून घ्या.

उरलं ते अडकणारं. शिजवलेलं कोंबडीचं हाड फुटून त्याच्या सळ्या होतात. पावसाळ्यात शिवाजी पार्कला किंवा चौपाटीवर फिरायला गेलात तर कठड्याखाली मक्याची कणसं पडलेली असतात, लिंबू-मसाला लावलेली. कुत्रं बुरकुंडा अख्खा गिळतं, तो पचत नाही आणि आतड्यात बुचासारखा बसतो. मे महिन्यात तेच काम आंब्याची कोय करते. माझ्याकडे ठेवलेल्या एका लॅब्रॅडॉरची कोय ऑपरेशन करून काढावी लागली. ती त्याने माझ्याकडे यायच्या आधी चार दिवस घरी गिळली होती, कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून कुत्रं ठेवून घेताना मी पहिला प्रश्न विचारते: घरात आंब्याची पेटी आली का?

सहावी: पाच दिवस सगळं बंद

यादीत विष नसेल, हिरडी गुलाबी असेल, कुत्रं पाणी पिऊन टिकवत असेल, तरच हे घरी करा.

पहिले दोन-तीन दिवस: गुरगुट्या भात आणि उकडलेली, कातडी काढलेली कोंबडी. मीठ नाही, हळद नाही, फोडणी नाही. दिवसातून चार वेळा, थोडं-थोडं. शाकाहारी घरात भातात घट्ट दही कालवा, मीठ न घालता. पाणी एकदम वाडगाभर न देता थोडं-थोडं पण सारखं. नंतर हळूहळू नेहमीचं अन्न मिसळत न्या. पिल्लांना उपाशी ठेवायचं नाही, म्हाताऱ्या आणि मधुमेही कुत्र्यांनाही नाही.

आणि या पाच दिवसांत एकाही हाताने एकही घास द्यायचा नाही. हीच खरी चाचणी. नेहमीचं अन्न परत आलं, पाणी तेच, फक्त हात थांबलेले आणि शी बांधून झाली, तर दोषी सापडला. हात खरोखर थांबूनही शी पातळच राहिली, तर खाऊवर खापर फोडू नका, आठव्या तपासणीवर जा. गॅलरीत अकरा दारं असतील तर हे पाच दिवस कुत्र्याला मोकळं सोडू नका. मी दाराला लाकडी फळी आडवी लावली होती. आजी फळीपलीकडून “काय रे बाळा, कोंडलं का तुला?” म्हणायच्या आणि तो असा काही बघायचा की चाळीत मीच खलनायिका.

काय करायचं नाही, तेही सांगते. उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका. मीठच विषासारखं चढतं आणि उलटी फुप्फुसात जाऊ शकते. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन नाही. जुलाब थांबवायच्या आपल्या गोळ्या मनाने नाहीत, काही जातींच्या कुत्र्यांना त्या मेंदूवर जातात. पोट बिघडलं म्हणून ओव्याचा अर्क, हिंग, ब्रँडी असले सल्ले खालच्या मजल्यावरून येतील. ऐकून घ्या, देऊ नका.

सातवी: डबा

पाच दिवसांनी सगळे हात पुन्हा पुढे येणारच. त्यांना नाही म्हणून उपयोग होत नाही, मी करून बघितलं. म्हणून एक स्टीलचा डबा.

सकाळी त्यात बंड्याचा दिवसाचा खाऊ भरते: उकडलेल्या कोंबडीचे करंगळीच्या पेराएवढे तुकडे, तीसेक ग्रॅम, तेवढंच उकडलेलं रताळं, अर्धी काकडी चिरून. सगळं मिळून ९० कॅलरींच्या आत. कधी गाजर, कधी लाल भोपळ्याची उकडलेली फोड, बिया काढलेलं सफरचंद, पपई, कलिंगड, रविवारी अर्धं उकडलेलं अंडं. डबा गॅलरीतल्या खिळ्याला. ज्याला द्यायचं त्याने डब्यातून द्यायचं, डबा रिकामा झाला की आजचं संपलं. उन्हाळ्यात दुपारी बारानंतर कोंबडी फ्रीजमध्ये, मुंबईच्या दमट हवेत ती चारपर्यंत टिकत नाही.

हे चालतं, कारण लोकांना खारी द्यायची नसते, द्यायचं असतं. आजींनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं. आता त्या काकडीची फोड चहात बुडवल्यासारखी करून देतात, चहाला न लावता. बंड्याला फरक कळत नाही. किंवा कळतो आणि तो आजींचं मन राखतो.

नवीन काही घालायचं असेल तर एका वेळी एकच वस्तू, तीन दिवस, मग दुसरी. तीन वस्तू एकदम सुरू केल्यात आणि पोट बिघडलं तर शून्यापासून सुरुवात.

आठवी: खाऊ नसेलच तर

जंताचं औषध शेवटचं कधी दिलं? आठवत नसेल तर तेच उत्तर असू शकतं. शीचा नमुना डब्यात घालून डॉक्टरांकडे तपासायला द्या, हा यातला सगळ्यांत स्वस्त रिपोर्ट.

कानाच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली गोचीड शोधा. मुंबईत गोचीड बारा महिने असतात. त्यांच्या चावण्याने होणाऱ्या टिक फीवरमध्येही हिरड्या फिक्क्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रं खाणं सोडतं. कांद्याच्या विषबाधेचीही हीच चिन्हं, आणि घरबसल्या दोन्हींत फरक करता येत नाही. रक्त तपासावंच लागतं.

पावसाळ्यात हिंदमाता चौकात पाणी भरलं आणि कुत्रं त्यातून चालत आलं असेल, तर आठवडा-दोन आठवड्यांत उलट्या, ताप, डोळे पिवळे यांकडे लक्ष ठेवा. हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो, आणि तो कुत्र्याकडून माणसालाही होतो. अशा कुत्र्याची लघवी हातमोज्याशिवाय पुसू नका. याची लस असते, दरवर्षी पावसाच्या आधी द्या.

इथून पुढे तुमचं काम नाही

पाच दिवसांच्या बंदीत फरक नाही, किंवा बरं होऊन महिन्यात तिसऱ्यांदा तेच, किंवा खाऊ बंद करूनही वजन उतरतंय: घरचे उपाय थांबवा. आता रक्ताचे रिपोर्ट, स्वादुपिंडाची तपासणी, सोनोग्राफी, अडकल्याचा संशय असेल तर एक्स-रे. यातलं काय आधी हे डॉक्टरांनी ठरवायचं. इंजेक्शन देऊन लगेच घरी पाठवत असतील आणि हे पाचव्यांदा होत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच करू नका. मी एकदा संकोच केला, वर्ष गेलं.

आमच्या भागातल्यांना परळ जवळ. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून तिथे आहे, शेजारीच पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८८६ चं. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. कुठेही जायच्या आधी फोन करा आणि याच क्रमाने सांगा: कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, किती, किती वाजता, आता काय दिसतंय. विषारी काही खाल्लं असेल तर पहिल्या दोन तासांत उलटी काढून घेण्याचा उपयोग होतो, पुढे कमी होत जातो. म्हणून ‘रात्रभर बघू’ नाही. वेष्टन, उरलेला तुकडा बरोबर न्या. शीचा फोटो काढा. डॉक्टरांना त्याची घाण वाटत नाही, तुम्ही हाताने आकार करून दाखवता त्याने मात्र काही कळत नाही. आणि कॅलेंडरचं ते गोल केलेलं पान फाडून सोबत घ्या. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टच्या आधी तेच वाचलं होतं.

एक कबुली. अनंत चतुर्दशीला डब्याची पद्धत चालत नाही. त्या दिवशी लालबागच्या रस्त्यावर इतके लोक, इतका प्रसाद आणि इतके ढोल असतात की बंड्याला मी आदल्या रात्रीच डोंबिवलीला बहिणीकडे पोचवते. तिच्या घरात दोनच हात आहेत, आणि दुसरा मेहुण्याचा. त्यावर तिची नजर असते.